दोन मिनिटांचा नेम

"मध्ये बोलायचं नाही, आई. 'हं'सुद्धा म्हणायचं नाही. दोन मिनिटं झाली की 'छान' म्हण आणि फोन ठेव."

मुलीचं हे सांगणं आईने नेमासारखं धरलं. रोज संध्याकाळी सात वाजता ती शिलाई मशीन थांबवी, हात धुई आणि देवापुढे बसावं तशी फोनपुढे बसे. डोळे भिंतीवरच्या घड्याळावर.

मुलगी दूरच्या शहरात एका इस्पितळात नर्स होती. परदेशात नोकरी हवी तर इंग्रजीची परीक्षा द्यायला हवी. त्यातली तोंडी परीक्षा अवघड. विषयाची चिठ्ठी हातात येते, मिनिटभर विचार करायचा आणि मग दोन मिनिटं न थांबता बोलायचं. सरावाला समोर कुणीतरी हवं होतं.

"अगं, पण मला काय कळणार? पालथ्या घड्यावर पाणी," आई म्हणाली होती.

"म्हणूनच तू बरी. चुका काढणार नाहीस."

सुरुवातीला मुलगी पाच शब्दांवर अडे. मग कागद चाळल्याचा आवाज. मग पुन्हा पाच शब्द. आणि तीन आठवड्यांपूर्वी एके दिवशी तिची गाडी जी सुटली, ती थांबेचना. पूर्ण दोन मिनिटं, एका सुरात, कुठे अडखळणं नाही. आईला भरून आलं. तिच्या तोंडात तीळ भिजत नसे. दूधवाल्यापासून औषधाच्या दुकानापर्यंत सगळ्यांना सांगून झालं, की पोरगी विमानात बसल्यातच जमा आहे.

फोनमध्ये सगळं बोलणं साठून राही. दुपारी गणवेशांना काजं करताना आई ते पुन्हा लावी. घरात दुसरा आवाज नव्हता. शब्द कळत नसत, पण स्तोत्राचा तरी प्रत्येक शब्द कुठे कळतो? कानाला बरं वाटे.

परीक्षा दोन दिवसांवर आली असताना, अशाच एका दुपारी, गल्लीतल्या बाई कोटाच्या बाह्या आखूड करायला घेऊन आल्या. तीस वर्षं शाळेत इंग्रजी शिकवून त्या निवृत्त झाल्या होत्या.

"ऐका, ऐका! कशी घडाघडा बोलते बघा," आई म्हणाली. "तुमच्या वर्गात असती ना, तर तुम्हालाच सुट्टी दिली असती."

बाई हसत ऐकू लागल्या. मग हसायच्या थांबल्या आणि स्टुलावर बसल्या.

"पुन्हा लावा."

आईने पुन्हा लावलं.

"आधीचं आहे?"

आईने आदल्या दिवशीचं लावलं. मग त्याच्या आदल्या दिवशीचं.

"फार चुका आहेत का हो?"

"एकही नाही."

"मग पास होईल ना?"

"होईल." बाईंनी चष्मा काढून मांडीवर ठेवला. "कालचा विषय काय होता, माहीत आहे?"

"'माझी खोली.' फोन लावल्या लावल्या सांगते ना ती."

"खोलीबद्दलच बोलतेय. बरोबरची मुलगी महिन्यापूर्वी सोडून गेली. त्या रिकाम्या पलंगाकडे पाठ करून झोपते म्हणते. खोलीत एकटीला घास उतरत नाही, म्हणून डबा इस्पितळाच्या जिन्यात बसून खाते. गेल्या सोमवारी ताप होता. स्वतःच स्वतःची नाडी मोजत पडली होती. तिला जायचं नाहीये हो परदेशात. पण तुम्ही सगळ्यांना सांगून बसलात. ती म्हणते, आईला ही भाषा येत नाही, म्हणून हिच्यात मी तिला सगळं सांगू शकते."

आईच्या हातातली सुई काजात अर्धी गेलेली तशीच राहिली. ती म्हणाली, "आणि शेवटचं ते एक वाक्य? ते रोज तेच असतं. मला वाटलं, परीक्षेत तसं म्हणायचं असेल. निरोप घेतल्यासारखं."

बाईंनी फोन हातात घेतला आणि कालचं बोलणं शेवटाकडे नेलं. मुलीचा आवाज आला. तेच वाक्य, हळू.

"'आई, मला न्यायला येशील का?'" बाई म्हणाल्या.

तेवढ्यात फोनमधून आईचाच आवाज आला. खणखणीत, कौतुकाने ओथंबलेला. "हो गं माझी राणी! छान!"

मग फोन ठेवल्याचा बारीकसा आवाज.

आईने धागा तोडला. गणवेशांची चळत बाजूला सारली. मशीनवर झाकण घातलं. कपाटातून दोन साड्या काढून पिशवीत भरल्या आणि देवाला हात जोडले.

"दुपारची गाडी कितीची असते हो?"

"अहो, परवा परीक्षा आहे तिची. अशा वेळी जाऊन सांगणार काय तिला?"

"काही नाही. द्यायची असेल तर देईल, मी बाहेर बसून राहीन. नसेल द्यायची तर दोघी घरी येऊ. तुमचा कोट मात्र आल्यावर."

"निदान फोन करून विचारा तरी."

आई दाराला कुलूप लावत होती. किल्ली फिरवली, कुलूप एकदा ओढून बघितलं, मग वळली.

"एकवीस दिवस तीच विचारतेय, बाई," ती म्हणाली. "आणि एकवीस दिवस मी हो म्हणतेय."