शनिवारचा बिघाड

संगणकाने एक लांब शिट्टी मारली, तीन आखूड मारल्या आणि पडदा काळाच ठेवून तो गप्प बसला.

"अरेरे, परत बंद पडलं का?" स्वयंपाकघरातून बाईंचा आवाज आला.

"सहावी वेळ," निवृत्त हेडक्लार्क बायकोला म्हणाले आणि त्यांनी रजिस्टर उघडलं. अनुक्रमांक, तारीख, वेळ, लक्षण, उपाय, शेरा. सहा रकाने, पट्टीने आखलेले. नोकरी सुटली होती, रकाने सुटले नव्हते.

मेकॅनिक टेबलाखाली गुडघ्यांवर होता. दोष त्याला तोंडपाठ झाला होता. मेमरीची पट्टी खाचेतून किंचित वर आलेली असायची. तो संगणकाचा डबा दुकानात न्यायचा, पट्टीची सोनेरी कड खोडरबराने घासायचा, दाबून बसवायचा आणि सोमवारी आणून द्यायचा. सोमवार ते शुक्रवार यंत्र सुतासारखं सरळ चालायचं. शनिवारी संध्याकाळी पुन्हा शिट्टी.

"आज डबा हलणार नाही," हेडक्लार्क म्हणाले. "इथंच दोष शोधायचा. नाही सापडला, तर पुढच्या शनिवारी दुसरा माणूस येईल. आणि तो का आला, हे इमारतीतल्या चाळीसही घरांना कळेल. मी स्वतः सांगेन."

मेकॅनिक टेबलाखालून बाहेर आला. त्या चाळीस घरांवरच त्याचं दुकान उभं होतं. त्यात आणखी एक दुखणं होतं, ते त्याने कुणाला सांगितलं नव्हतं. त्याच्या स्वतःच्या घरचं गाण्याचं यंत्र तीन महिने त्याला दाद देत नव्हतं. त्याने माइक हातात घेतला की ते मुकं. चार वेळा उघडलं, चारही वेळा काही सापडलं नाही. हाताचा गुण गेला की काय, या धास्तीने त्याला हल्ली झोप लागत नसे.

"मी ऐकायला येणाऱ्या मंडळींना थोडं थांबायला सांगून येतो," असं म्हणून हेडक्लार्क शेजारी गेले. "आज सातवं प्रकरण आहे."

मेकॅनिकने काहीतरी करायचं म्हणून रजिस्टर चाळलं. शेऱ्याच्या रकान्यात सुवाच्य अक्षर होतं. "आत्मचरित्राचे प्रकरण दुसरे वाचनास तयार होते. वाचन तहकूब." खाली प्रकरण तिसरे, वाचन तहकूब. चौथे, तहकूब. यंत्र एकदाही लिहिताना बिघडलं नव्हतं. बिघडलं होतं ते फक्त वाचायच्या वेळी.

त्याने पट्टी काढून खोडरबर फिरवलं. खोडरबराला पांढरं लागलं. धूळ नव्हती. पीठ होतं.

बाई चहा घेऊन दारात उभ्या होत्या.

"काकू," तो हळूच म्हणाला, "पट्टीला पीठ लागलंय."

बाईंनी आपल्या बोटांकडे पाहिलं आणि ती सावकाश फडक्याला पुसली. "पहिल्यांदा ते आपणहून बिघडलं होतं हं. तुम्ही इथंच बसून खोललंत. मी अशीच चहा घेऊन उभी होते. बघून बघून आलं."

"पण का?"

"चौतीस वर्षं रोज संध्याकाळी मी ते ऑफिस ऐकलंय. कोणी कोणाची फाइल दाबली, मला विचारा. आता तेच पुस्तकात! पहिलं प्रकरण तीन तास चाललं. त्यात नुसता अर्ज भरून झालाय. अजून कामावर रुजूसुद्धा झालेले नाहीत."

"मग तोंडावर सांगा ना त्यांना."

"आणि लिहिताना चेहरा कसा फुलतो, तो कोमेजू देऊ?" बाईंनी कप त्याच्या हातात दिला. "माणसाला बोललेलं लागतं. यंत्राला काय होतंय!"

जिन्यात चपला वाजल्या. हेडक्लार्क आत आले ते पेनाचं टोपण काढतच.

"सापडला दोष?"

मेकॅनिकने बाईंकडे पाहिलं. बाई खिडकीबाहेर पाहत होत्या. खरं बोललं तर नाव राहत होतं, घर मोडत होतं.

"सापडला, साहेब. पट्टी थकलीय. आठवडाभर राबते आणि शनिवारी मान टाकते. शनिवारी यंत्र बंद ठेवा, मग तक्रार आली तर मला बोला."

हेडक्लार्कनी रजिस्टरातल्या सहाही तारखांवरून पेन फिरवलं. मग त्यांचा चेहरा हळूहळू सैलावला.

"म्हणजे साप्ताहिक सुट्टी."

"हो, तसंच म्हणा."

"अहो, मग हे आधी नाही का सांगायचं? हे तर नियमात बसतं!" त्यांनी शेऱ्यात लिहिलं, "साप्ताहिक सुट्टी मंजूर," आणि खाली सही ठोकली. "वाचन मग रविवारी ठेवू."

"रविवारी ऐकणाऱ्यांना सुट्टी असते, अहो," बाई म्हणाल्या.

हेडक्लार्क थबकले. सुट्टीच्या दिवशी कामाला बोलावणं त्यांनी जन्मात कधी केलं नव्हतं. "तेही खरंच. मग आधी पुस्तक पुरं करतो. वाचन एकदमच."

"सावकाश होऊ द्या," बाई म्हणाल्या आणि आत गेल्या.

मेकॅनिक जिना उतरला तो शीळ घालत. हाताचा गुण शाबूत होता! दुकान बंद करताना, घराकडे वळताना, त्याला हेडक्लार्कची आठवण होऊन पुन्हा पुन्हा हसू फुटत होतं. बिचारा! सहा रकाने भरले, पण बिघाड शेजारच्या खोलीत कणीक मळतोय, याचा पत्ता नाही.

घरी आल्या आल्या त्याने हातपाय धुतले आणि गाण्याच्या यंत्रासमोर ठाण मांडलं. आज सापडणारच होतं. माइक उचलून त्याने घसा खाकरला.

"अरेरे, परत बंद पडलं का?" स्वयंपाकघरातून बायकोचा आवाज आला.

त्याने अजून बटण दाबलंच नव्हतं.