झिजलेला चार्जर

चोरीचा फोन घेऊन एकदा हात पोळलेत, तेव्हापासून सख्ख्या मेहुण्याचाही फोन तपासल्याशिवाय घेत नाही. एका आजोबांनी माझ्या मोबाइलच्या दुकानात येऊन काउंटरवर खोकं उघडलं. मॉडेल जुनं, फोन नवाकोरा, इअरफोन पाकिटबंद. चार्जरची वायर मात्र चिकटपट्ट्यांनी गुंडाळलेली. “बदल्यात रेडिओवाला साधा फोन द्या,” म्हणाले. मनात शंकेची पाल चुकचुकली. “फोन वापरलेलाच नाही, मग चार्जर कसा झिजला? खरं सांगा, हा कुणाचा उचललात?” “माझाच आहे. मुलानं दिलाय. त्याचा फोन आलाच तर बंद नको, म्हणून रोज चार्ज करतो.” असल्या कहाण्या खूप ऐकल्यात. फोनमध्ये नंबर एकच: ‘चिरंजीव’. “त्यालाच विचारतो,” म्हणत त्याच फोनवरून नंबर लावला. दोनदा रिंग वाजली, तिकडून फोन कट झाला. मी आजोबांकडे रोखून पाहिलं. त्यांनी खोकं माझ्याकडे सरकवलं. “कट केला ना? मग फोन माझाच आहे.”