मंदाच्या शेळीचं दूध

“घरात गुरंढोरं, शेळ्यामेंढ्या? कच्चं दूध वगैरे?” डॉक्टरांनी तिसऱ्यांदा विचारलं.

“न्हाय ओ,” कमळाबाई म्हणाली. “आमच्या गोडदेव गावात आता माणसालाच जागा न्हाय, शेळी कुठं बांधू?”

डॉक्टर हसले नाहीत. खाटेवर तिचा नवरा गोवर्धन तापानं फणफणला होता. कॅन्सरच्या औषधांनी रक्तातल्या पेशी उतरलेल्या, त्यात हा ताप. कुठल्याच इंजेक्शनाला दाद देईना. मुलगा प्रणित सकाळीच घरी गेला होता. सून समिधा सातव्या महिन्याची, दोन दिवस कंबर धरून पडलेली. त्यामुळे उत्तर द्यायला कमळाबाई एकटीच.

“मावशी, शेळीच्या कच्च्या दुधातून एक जंतू येतो. आपल्याकडं क्वचितच, पण अशक्त माणसाला, म्हाताऱ्याला, पोटुशी बाईला तो सोडत नाही. त्याचं औषध वेगळं. रिपोर्ट यायला वेळ लागतो, आणि तोवर थांबण्याइतका जोर काकांत उरलेला नाही.”

दोन महिने कमळाबाई पहाटे रिक्षानं राई गावाला जात होती. तिथं शेळीवाली मंदा तिच्यासमोर शेळीची धार काढून देई. “उकळू नको गो, उकळलं की गुण जातो,” मंदानं बजावलं होतं. पेशी वाढतात असं कुणी सांगितलं, आणि बुडत्यानं काडी धरावी तसं तिनं ते धरलं. प्रणितला कळलं असतं तर त्यानं घर डोक्यावर घेतलं असतं. म्हणून ती गुपचूप नवऱ्याच्या हाती पेला द्यायची आणि देवापुढं बसायची. उठेपर्यंत पेला रिकामा.

“दिलं,” ती म्हणाली. “कच्चंच. रोज. मीच.”

डॉक्टर रागावले नाहीत. औषध बदलून लिहिलं नि पुढच्या खाटेकडं गेले.

तिनं गोवर्धनचा हात धरला. तो विस्तवासारखा लागला. “मला माफ करा. माझ्या हातानं वीख पाजलं तुमाला. पन आता उतरंल ताप. डाक्टरला सगळं सांगितलं मी.”

त्यानं डोळे किलकिले केले. “काय सांगितलंस?”

“शेळीच्या दुधाचं.”

“आगं येडे,” तो क्षीण हसला. “मला त्याचा वास सोसंना. तू देवापाशी बसलीस की मी समिधाला हाक मारायचो. म्हटलं, माझं काय, आज हाय उद्या न्हाय. नातवाच्या तरी अंगी लागंल. सगळा पेला तीच प्यायची.”