पुराव्याच्या शोधात

"ताई, कुठे दिसलं तुम्हाला ते? दाखवा ना," म्हणत अबोलीने कंट्रोलर माझ्या हातात दिला. तिने चितारलेली गेममधली नायिका उघडीवाघडी आहे, असं मी माझ्या सदरात ठोकून दिलं होतं. गेम पाहिलाच नव्हता. ऐकीव माहितीवर लिहिलं. लेखानंतर तिची नोकरी गेली.

पडद्यावर नऊवारी नेसलेली कोळीण वल्हं घेऊन उभी होती. मी तिला पळवलं, माडावर चढवलं, पाण्यात भिजवलं. कॅमेरा खाली नेऊन तिच्या काष्ट्यापाशी आणला. काहीतरी उघडं दिसावं, म्हणजे मी खरी ठरेन, एवढंच डोक्यात होतं. काहीच सापडेना.

"गेम येऊन वर्ष झालं, ताई," अबोली म्हणाली. "तिच्याकडे असं बघणाऱ्या तुम्ही पहिल्याच."