सैल कन्व्हर्टर

“हाय-स्टॉल?” मेलेली पाल चिमट्यात धरावी तसा फोरमनने तो शब्द उच्चारला. “काका, वय काय तुमचं?”

“चौऱ्याहत्तर.”

“आणि शर्यत कधी आहे?”

शेजारच्या गाडीखालून मेकॅनिकचे हसणे ऐकू आले. म्हाताऱ्याने इस्त्रीच्या सदऱ्यातून घडी केलेला कागद काढला. त्यावर टॉर्क कन्व्हर्टरचे दोन्ही प्रकार सुवाच्य अक्षरात लिहिलेले होते. फोरमनला अशा कागदांची मनस्वी चीड होती. वाचून आलेल्या गिऱ्हाइकापेक्षा अडाणी गिऱ्हाईक बरे, असे त्याचे तीस वर्षांचे मत होते.

तरीही त्याने दोन पोलादी डबे बाकावर शेजारी शेजारी मांडले. तंत्रनिकेतनात शिकलेली शिस्त मूर्खापुढेही मोडायची नसते.

“इंजिन आणि गिअरबॉक्सच्या मधे हा बसतो. आत तेल असतं. इंजिनाकडची पाती तेल फेकतात, त्या माऱ्याने पलीकडची फिरतात. हा घट्ट, तुमच्या ऑटोमॅटिक गाडीत आहे तसा. ब्रेक सोडला की गाडी आपसूक पुढे सरकते. हा दुसरा सैल, तुमचा तो हाय-स्टॉल. इंजिन बोंबलल्याशिवाय गाडी हलत नाही. पेट्रोल पितो, तेल तापवतो, गिअरबॉक्सचं आयुष्य खातो. सिग्नलवर भाव खाणारी पोरं लावतात.”

“सैलच बसवा.”

पालथ्या घड्यावर पाणी. फोरमनने वही ओढली.

“घाट चढता?”

“नाही.”

“मागे काही ओढता?”

“नाही. दवाखाना, वाचनालय आणि घर.”

“बरोबर. वाचनालय उशिरा गाठून कसं चालेल?”

गाडीखालचे हसणे या वेळी बराच वेळ चालले. म्हातारा ते संपेपर्यंत थांबला. मग म्हणाला, “ते आपसूक सरकणं कमी व्हायला हवं.”

“त्यासाठी ब्रेक असतो, काका. गाडीबरोबर फुकट मिळतो.”

“पाय बधिर होतो. साखरेमुळे. पेडलवर आहे की निसटला, ते कळत नाही.”

फोरमनने पेन खाली ठेवले. आता त्याच्या तुच्छतेला नैतिक अधिष्ठानही लाभले होते.

“मग गाडी सोडा. कन्व्हर्टर बदलून पाय बदलत नसतो. स्वतःची हौस भागवायला उद्या कुणाला तरी चिरडाल.”

“पाय माझा नाही,” म्हातारा हळू आवाजात म्हणाला. “मला गाडी येतच नाही.”

त्याने हनुवटीने बाहेर खूण केली. दारात उभ्या असलेल्या गाडीत, स्टिअरिंगमागे, त्याची बायको रुमालाने काच पुसत बसली होती.

“एकदा म्हणालो, आता पुरे कर. तर म्हणाली, बसच्या पायऱ्या चढणं गेलं, आता हेही काढून घ्या. त्यानंतर विषय काढला नाही. तिला यातलं काही बोलू नका.”

मेकॅनिक गाडीखालून बाहेर सरकला. फोरमन सैल डबा उगाच फिरवत राहिला.

“हा बसवला तरी पूर्ण थांबणार नाही,” तो म्हणाला. “थोडी सरकेलच.”

“थोडी चालेल. फाटक उघडायला गाडीपुढे मीच असतो. गेल्या महिन्यात बंपर गुडघ्याला टेकला. बाजूला व्हायला दोन पावलांचा वेळ मिळाला, की पुरे.”