कासमची रेल्वे

"ही कुवेतची रेल्वे?" गफूरमामूंनी विचारलं.

कासमने मान हलवली. अगदीच खोटं नव्हतं. त्याच्या माहितीत साऱ्या कुवेतात रूळ होते ते एवढेच: विटांच्या कारखान्यात वाळू आणायला दीड किलोमीटर, त्यावर म्हशीएवढं एक डिझेल इंजिन आणि चार उघडे डबे. ज्याच्या रत्नागिरीत अजून गाडी पोचली नव्हती, त्या कासमने पत्रात मात्र ठोकून दिलं होतं, 'कुवेत रेल्वेत ड्रायव्हर आहे.'

पत्र गेलं रुकय्याच्या बापाकडे. बापाने चौकशी सोपवली मेव्हण्याकडे, म्हणजे गफूरमामूंकडे. मामू वऱ्हाडातल्या कापसाच्या मालगाडीवर एकतीस वर्षं गार्ड होते. आता ते कुवेतातल्याच रुमैथिया वस्तीत मुलाकडे मुक्कामाला आले होते. रुकय्या द्यायची की नाही, ते आज ठरायचं होतं. मामूंनी त्यासाठी गार्डचा काळा कोट चढवला होता, जून महिन्यात.

"टाइमटेबल?"

"वाळू भरली की सुटते."

"स्टेशनं किती?"

"दोन. ह्ये आणि त्ये."

"ब्रेकव्हॅन? गार्ड बसतो कुठं?"

कासमने घाईघाईने शेवटच्या डब्यातल्या वाळूवर गोणपाट अंथरलं. मामू त्यावर बसले, खिशातून हिरवी झेंडी काढली आणि खणखणीत शिट्टी मारली. मजूर दचकले. या गाडीला शिट्टी लागते हे कुणाला ठाऊकच नव्हतं.

कासमने इंजिन जपून हाकलं. पहाटे उठून त्याने स्वतः रूळ झाडले होते, पण वारा काही त्याच्या सासरचा नव्हता. अर्ध्या वाटेत पुन्हा वाळू चढली होती. इंजिनाची पुढची चाकं खडखडली, रुळावरून उतरली आणि वाळूत रुतून बसली.

लग्न गेलं. रुकय्यासाठी घेतलेला जपानी टेप आता बहिणीला द्यावा, इथपर्यंत कासमचा विचार पोचला.

तेवढ्यात न बोलावता सहा मजूर पहारी घेऊन आले. सातव्याने स्टोव्ह पेटवून चहाचं आधण ठेवलं. निदान आज तरी घाबरल्यासारखं करा, असं कासम डोळ्यांनी विनवत होता. पण फोरमन जयप्रकाश मोठ्याने म्हणाला, "आज पुढचीच उतरलीत. लवकर होईल."

मामू उतरले. कोट झटकून वाकले आणि चाकं बघू लागले.

"रोज उतरते?"

आता लपवायला राहिलंच काय होतं? "रोज नाय, मामू. आठवड्यातून दोनदा."

मामूंनी साखळीचं घड्याळ काढलं. "चढवायला वेळ किती?"

"एक चहा होईपर्यंत."

मामू एक डोळा चाकांवर आणि एक पातेल्यावर ठेवून उभे राहिले. चहा उतू जायला आणि इंजिन खाडकन रुळावर बसायला एकच गाठ पडली. मामूंनी घड्याळ मिटलं, चहाचा पेला घेतला आणि फुंकर मारून घोट घेतला.

"आमच्याकडे दोन लागायचे," ते म्हणाले.

कासमने धीर केला. "मामू, घरी काय लिहिणार?"

मामूंनी हिरवी झेंडी झटकली. तिच्यातून वाळू सांडली.

"लिहितो की, रेल्वे खरी हाय. चढ इंजिनावर."