प्रत्यक्ष पडताळणी

"तिसऱ्यांदा परत आलंय," रणजीत फोनवर म्हणाला, "आणि या खेपेला दिल्लीकरांनी कारणही दिलंय. साखऱ्याच्या पुढच्या त्या वाडीपाशी आपल्या दोन नकाशांत गॅसची पाइपलाइन दोन जागी दिसते. एकीवर बोट ठेवा, म्हणतात."

नाहिद तेव्हा त्याच वाडीच्या गायरानात उभी होती. गॅस कंपन्यांचे नकाशे दुरुस्त करून नियामक मंडळाला सादर करणाऱ्या संस्थेत ती नोकरीला होती, आणि रणजीत तिचा वरिष्ठ होता.

"पाइप शोधायचं यंत्र कधी मिळेल?"

"ते नागपूरला अडकलंय. वाट पाहिली तर मुदत जाईल. तक्त्यात 'प्रत्यक्ष पडताळणी' हा रकाना आहे ना, त्याला स्थानिक चौकशी चालते. लोकांना विचार आणि बिंदू टिपून घे."

सत्य शोधणारं यंत्र नागपूरला आणि सत्य मागणारं मंडळ दिल्लीला. त्यामुळे प्रत्यक्ष सत्य सांगण्याची जबाबदारी वाडीवर येऊन पडली होती. नाहिदला यात काही वावगं वाटेनासं झालं होतं. थकव्याचा तेवढा एक फायदा असतो. पाइपच्या माथ्यावर रोवलेले कंपनीचे पिवळे खांब कधीच उखडले गेले होते. त्यांतल्या एकाला समोर म्हैस बांधलेली होती.

पाणी समितीची शालूबाई तिच्यासोबत चालत होती. वाडीला विहीर हवी होती ती या गायरानातच, कारण पाणी इथेच होतं. 'जागेतून पाइपलाइन जात असल्याने' असा शेरा मारून प्रस्ताव परत आला होता, आणि वाडीतल्या बाया अजून नाल्यापलीकडून हंडे वाहत होत्या.

"तुमीच सांगा म्याडम," शालूबाई म्हणाली, "हाफिसातले म्हंते, हिथं पाइपलाइन हाय, खोदू नका. अवो, पाइपलाइन कुठून गेली ते आमचं शेंबडं लेकरू बी सांगंल. खुर्चीत बसून काय दिसून राहिलं त्यान्ला?"

नाहिद सावध झाली. ज्याला विहीर हवी, तो पाइप दूर ढकलणारच.

"इथून नाही, तर मग कुठून गेली?"

"तातेरावच्या बांधानं. ग्यानोबाला इचारा, तोच व्हता खोदायला."

नाहिदने शालूबाईला मागेच थांबवलं आणि ती एकटीच ग्यानोबाकडे गेली. तो लिंबाखाली बाज विणत बसला होता.

"काका, पाइपलाइन टाकली तेव्हा तुम्ही हजर होता?"

"हजर? चर म्याच खोदला. पाठ अजून बोंबलून राहिली."

"कंपनीचीच ना ती? नक्की?"

ग्यानोबा दुखावला. "अस्सल कंपनीची! तुमी काहून शंका घेता, बाई?"

"शालूबाईंना विहीर हवी आहे, म्हणून विचारते."

तो खो खो हसला. "इहिरीसाठी म्या खोटं बोलंन वो, पन म्या बोललो म्हून जमिनीतला पाइप जागचा हालंन का?"

तो पुढे निघाला. हिथं दगड लागला, हिथं वळली, हिथं लिंबाचं मूळ टाळलं; कमरंइतकी खोल, नांगर लागू नये म्हून. त्याने पाय ठेवला तिथे नाहिद हातातलं उपकरण टेकवत गेली. ते उपकरण फार प्रामाणिक होतं. आपण पृथ्वीच्या पाठीवर नेमके कुठे उभे आहोत हे ते तळहाताएवढीही चूक न करता सांगत असे. आपण तिथे कशासाठी उभे आहोत, हे सांगण्याची अपेक्षा त्याच्याकडून कोणी केली नव्हती.

तरी तिने आणखी एक खात्री केली. बांधावर खुद्द तातेराव भेटला. पाइपलाइन त्याच्या शेतातून गेल्याचं नोंदलं गेलं, तर अडचण त्यालाच होणार होती. स्वतःच्या हिताविरुद्ध दिलेली साक्ष सहसा खोटी नसते, हे नाहिद कुठेतरी वाचून होती.

"माज्याच रानातून गेली," तातेराव छाती पुढे काढून म्हणाला. "न्हाई कोन म्हंतो?"

दोन नकाशांपैकी एकातली रेषा साधारण याच बाजूने जात होती. नाहिदने तिच्यावर बोट ठेवलं.

या खेपेला काहीच परत आलं नाही. मंडळाने माहिती स्वीकारली आणि तिच्या अचूकतेची दखलही घेतली. रणजीतने ती दखल साऱ्या कार्यालयाला पाठवली. गायरानात पाइपलाइन नाही असं कंपनीने पत्राने कळवलं, आणि कागदांना जेवढं चालता येतं तेवढं चालून विहिरीची परवानगी एकदाची वाडीत पोचली.

नाहिद हिंगोलीच्या कार्यालयात दुसऱ्या एका कंपनीचे दुसरे नकाशे जुळवत असताना शालूबाईचा फोन आला.

"म्याडम, मशीन लागलं बगा! नारळ फोडला आत्ताच. ऐका आवाज!"

जेसीबीची घरघर फोनमधून ऐकू आली. कितीतरी दिवसांनी नाहिद मनापासून हसली.

"अभिनंदन, शालूबाई. तातेरावांची काही कुरकुर नाही ना?"

"त्याची कशाची कुरकुर? लई खूश हाय. म्हंतो, माजी पाइपलाइन कुठून गेली ते हाफिसवाल्यान्ला एकदाचं कळलं. पान्याच्या मोटारीपासून मळ्यापरेंत टाकली ना त्यानं. समदा कंपनीचा पाइप, लोकल माल न्हाई."

नाहिद उभी राहिली. "शालूबाई, आणि गॅसची?"

"ग्यासची लाइन व्हय? ती तर हिथंच व्हती, मशीन खोदून राहिलं तिथं. पन तुमच्याच पत्रात आलं ना, हिथं काई न्हाई म्हून. आमी म्हणलो, कंपनीनं काढून नेली आसंल."